वॉटर ड्रॅगनला जुन्नरमध्ये किती तापमान लागतं?

नारायणगावच्या एका टीवायबीएस्सीच्या मुलाने मध्यंतरी विचारलं, "दादा, ओळखीच्या एकाने चायनीज वॉटर ड्रॅगन पाळलाय. त्याला जुन्नरमध्ये किती तापमान लागतं, यावर प्रोजेक्ट करता येईल का?" प्रश्न साधा वाटतो. पण त्यात संशोधनाच्या तयारीत असलेल्या माणसाने ओळखायला हवी अशी एक मोठी अडचण दडली आहे. म्हणून हे जरा सविस्तर.

आधी प्राणी कोण ते पाहू. चायनीज वॉटर ड्रॅगन, म्हणजे फिजिग्नॅथस कोकिन्सिनस, हा दक्षिण चीन, व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया, थायलंड इथल्या जंगलातल्या ओढ्यांकाठी राहणारा हिरवा सरडा. शेपटीसकट जवळजवळ तीन फूट होतो, आणि त्यातली निम्म्याहून जास्त शेपटीच. दिवसा झाडावर, रात्री पाण्यावर झुकलेल्या फांदीवर झोपलेला. धोका वाटला की खाली पाण्यात उडी. तुमच्या कुंपणावर मान हलवत बसणारा सरडा, कॅलोटिस, हा त्याचा भाऊबंद, दोघेही ॲगॅमिडी कुळातले. (याच कुळात आपल्या पठारांवरच्या, गळ्याला रंगीत पंखा असलेल्या सरड्यांचा एक गट २०१६ मध्ये वेगळा काढला गेला आणि त्या प्रजातीसमूहाचं शास्त्रीय नाव ठेवलं गेलं 'सराडा'. आपला मराठी 'सरडा' शब्दच. मला हे भारी आवडतं.)

आता पाळण्याबद्दल. पाळणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत साधारण असं लिहिलेलं असतं: पेटी उंच हवी, सहा फुटांच्या आसपास, ऊन खायच्या जागी ३२ ते ३५ अंश, बाकी पेटीत २६ ते २९, रात्री २२ च्या खाली नको, आर्द्रता ६० ते ८० टक्के, अंग बुडेल एवढं पाण्याचं भांडं, आणि तो त्यातच घाण करतो म्हणून पाणी रोज बदलायचं. काचेच्या पेटीत ठेवलं तर तो काच ओळखत नाही, पुन्हापुन्हा धडकतो आणि नाकाडाला जखम होते. म्हणून काचेला खालच्या बाजूने काहीतरी चिकटवून ती 'दिसेल' अशी करावी लागते. हे सगळं ठीक आहे, अनुभवातून आलेलं आहे.

पण २६ ते २९ हा आकडा आला कुठून?

जंगलात या प्राण्याच्या वाट्याला हे तापमान येतंच असं नाही. दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनामच्या डोंगरांत हिवाळे गार असतात, तिथे हे सरडे थंडीत सुस्त होऊन आडोशाला जातात. म्हणजे २२ च्या खाली तो मरतो असं नाही. पेटीत मात्र त्याला खोल बीळ नाही, ओढ्याकाठची ओल नाही, जागा बदलायची सोय नाही. माहितीपत्रकातला आकडा 'या प्राण्याला काय लागतं' हे सांगत नाही. तो सांगतो, 'निवड करता न येणाऱ्या प्राण्याला काय दिलं तर तो टिकतो'. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

हा फरक सगळ्यात नेमका मांडणारा पेपर १९९३ चा आहे, हर्ट्झ, ह्युई आणि स्टीव्हन्सन यांचा. शीर्षकातच त्यांनी 'अयोग्य प्रश्नाची चूक' असा शब्दप्रयोग केलाय. त्याआधी वर्षानुवर्षं लोक काय करत? सरडा पकडायचा, त्याचं तापमान घ्यायचं, शेजारच्या हवेचं घ्यायचं, दोन्हींचा आलेख काढायचा. दोन्ही एकत्र वरखाली झाले की म्हणायचं, हा तापमान सांभाळत नाही. या तिघांचं म्हणणं असं की एवढ्यावरून काही कळत नाही. तुम्हाला तीन गोष्टी लागतात: प्राण्याचं प्रत्यक्ष शरीरतापमान; त्याला निवड दिली तर तो पसंत करतो तो पट्टा; आणि तो प्राणी तिथे फक्त पडून राहिला असता, काहीच केलं नसतं, तर त्याचं तापमान किती झालं असतं हे.

पसंतीचा पट्टा प्रयोगशाळेत काढतात. एक लांबट पन्हाळ, एका टोकाला गार, दुसऱ्या टोकाला बरंच गरम. सरडा सोडायचा, तो जिथे रमेल तिथे त्याचं तापमान दिवसभर नोंदवायचं. मिळालेल्या नोंदींतला मधला निम्मा भाग म्हणजे साधारण पसंतीचा पट्टा.

तिसरी गोष्ट गमतीची आहे. त्यासाठी सरड्याच्या आकाराची पोकळ तांब्याची नळी घेतात, सरड्याइतकंच ऊन शोषेल असा रंग देतात, आत तापमापक बसवतात आणि अशा पुष्कळ नळ्या सरडा जिथे जिथे बसू शकेल तिथे ठेवतात. दगडावर, फांदीवर, सावलीत. या नळ्या म्हणजे 'बेफिकीर सरडे'. उन्हात तापल्या तरी सरकत नाहीत.

मग हिशेब. समजा पसंतीचा पट्टा ३० ते ३४ आहे. नळ्यांची तापमानं त्या पट्ट्यापासून सरासरी ८ अंश दूर निघाली, आणि खऱ्या सरड्यांची सरासरी २ अंश दूर. दोनला आठने भागायचं, एकातून वजा करायचं: ०.७५. एकच्या जवळ म्हणजे प्राणी मेहनतीने तापमान सांभाळतोय. शून्याजवळ म्हणजे तो काहीच करत नाही.

आता आंबेगाव तालुका डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला भीमाशंकर, आहुपे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, दाट सावली. पूर्वेला लोणी-धामणीचा भाग, पाण्याची कायम मारामार, उघडी माळरानं. एकाच तालुक्यात दोन जगं. समजा भीमाशंकरच्या सावलीत नळ्याही पट्ट्यापासून सरासरी १ अंश दूर आणि सरडेही १ अंश दूर. हिशेब करा, उत्तर शून्य. म्हणजे सरड्याचं तापमान जवळजवळ आदर्श, पण ते त्याचं कर्तृत्व नाही, जागाच चांगली. उलट धामणीच्या माळावरचा सरडा पट्ट्यापासून २ अंश दूर असूनही जीव तोडून काम करतोय. नुसतं शरीरतापमान मोजणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही, किंबहुना तो उलटाच निष्कर्ष काढेल.

आणि पाळलेल्या ड्रॅगनची पेटी? तिथे मालकाने प्रेमाने सगळीकडे पसंतीच्या पट्ट्यातलंच तापमान ठेवलं, तर नळ्या शून्य अंश दूर, सरडाही शून्य अंश दूर. शून्य भागिले शून्य. काही उत्तरच नाही. अशा पेटीत बसून 'वॉटर ड्रॅगनला किती तापमान लागतं' हे मोजणं म्हणजे वसतिगृहातल्या मुलांच्या ताटावरून त्यांची आवड शोधणं. मेसमध्ये जे वाढलं ते खाल्लं, एवढंच.

एकसारखी पेटी प्राण्यालाही वाईट. १९७५ मध्ये क्लुगर आणि सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वानांना जिवाणूंचा संसर्ग करून वेगवेगळ्या तापमानांत ठेवलं, आणि जास्त तापमानात ठेवलेले जास्त प्रमाणात जगले. त्याच गटाने आधी दाखवलं होतं की निवड मिळाली तर आजारी सरडा स्वतःहून जास्त गरम जागी जाऊन बसतो. सरड्याला आपल्यासारखा आतून ताप आणता येत नाही, तो ताप उन्हात जाऊन 'घेतो'. पेटीत गरम टोक नसेल, तर आपण त्याच्याकडून ताप काढून घेतलेला असतो. म्हणून चांगल्या पेटीत एक आकडा नसतो, उतार असतो: तापमानाचा, ओलीचा आणि उजेडाचाही.

उजेडावरून एक. काच युव्हीबी किरणं जवळजवळ सगळी अडवते. त्यामुळे खिडकीतून येणाऱ्या उन्हात पेटी ठेवून ड जीवनसत्त्व तयार होत नाही, पेटी फक्त तापते. आणि युव्हीबी दिवा डोळ्याला लख्ख दिसत राहिला तरी त्यातली ती किरणं महिन्यागणिक घटत जातात. फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सरपटणारे प्राणी निसर्गात किती अतिनील निर्देशांकात वावरतात हे मोजून त्यांचे चार गट पाडले. सावलीतल्यांचा सरासरी निर्देशांक ०.७ च्या आत, भर उन्हातल्यांचाही ३.५ च्या आसपास. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी आकाशातला निर्देशांक दहाच्या वर जातो. म्हणजे उन्हात राहणारे सरडेसुद्धा बहुतेक वेळ ऊन चुकवतच असतात. त्यात खाद्य म्हणून दिलेल्या नाकतोड्या-रातकिड्यांत फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट. युव्हीबी कमी आणि वर कॅल्शियमची भुकटीही नाही, की हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो, पाय थरथरतात. पाळीव सरड्यांमध्ये हे सर्रास दिसतं. आणि जुन्नरच्या गावांत हिवाळ्यात पारा दहाच्या खालीही उतरतो, त्याच रात्री लाईट गेली तर हीटर, दिवा दोन्ही बंद. इन्व्हर्टरवर हीटर किती वेळ चालेल याचा हिशेब ड्रॅगन आणण्याआधी करायचा असतो.

एवढं वाचून वाटेल की पाळलेल्या प्राण्यावर संशोधन होतच नाही. तसं नाही. वॉशिंग्टनच्या नॅशनल झूमध्ये वॉटर ड्रॅगनची एक मादी होती, नराबरोबर कधीच न ठेवलेली. तिच्या अंड्यांतून २०१६ मध्ये पिल्लू निघालं. डीएनए तपासल्यावर पिल्लात फक्त आईकडचेच खुणेचे तुकडे सापडले, बापाचा मागमूस नाही. २०१९ मध्ये पेपर आला. ॲगॅमिडी कुळात, एरवी नराबरोबर प्रजनन करणाऱ्या प्रजातीत, नराशिवाय प्रजननाची ही पहिली सिद्ध झालेली नोंद. इथे प्रश्न पेटीत विचारण्यासारखा होता, आणि उत्तर टिकलं ते प्राणिसंग्रहालयाच्या रजिस्टरमुळे: मादी कधी, कुठे, कोणाबरोबर होती याची लेखी नोंद होती. सरड्यांच्या काही माद्या नराचं बीज बराच काळ साठवून ठेवू शकतात, त्यामुळे 'कधीच नाही' हे तोंडी सांगून चालत नाही. तुमच्या ओळखीच्या माणसाकडे अशी वही आहे का? बहुतेक नसणार.

आता कायद्याचं, कारण इथे विद्यार्थी सहज अडकतात. आपली घोरपड किंवा स्टार कासव घरात ठेवणं हा सरळ गुन्हा आहे, दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. 'प्रोजेक्टसाठी ठेवलं होतं' ही सबब चालत नाही. परदेशी प्राण्यांचं वेगळं: २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यात चौथी अनुसूची आली, तिच्यात सायटिस करारातल्या प्रजाती आहेत, आणि २०२४ च्या नियमांनुसार त्या अनुसूचीतले प्राणी बाळगणाऱ्याने परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते. चायनीज वॉटर ड्रॅगन २०२२ च्या पनामा बैठकीत सायटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला, कारण कातडी, मांस आणि पाळीव प्राण्यांचा व्यापार यांमुळे जंगलातली संख्या घटत होती. तेव्हा प्राण्याला हात लावण्याआधी कागद मागा. कागद नसलेल्या प्राण्यावरचा डेटा चांगलं जर्नल घेणार नाही, आणि तुमच्या गाईडलाही तुम्ही अडचणीत आणाल. शिवाय पृष्ठवंशी प्राण्यांवर प्रयोग करायचा तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते, आणि अभयारण्यात पाऊल ठेवून अभ्यास करायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना.

एक भीती मात्र मला या सगळ्यापेक्षा मोठी वाटते. कंटाळलेला मालक हा प्राणी सोडतो कुठे? पाण्याकाठी. म्हणजे कुकडी, मीना, घोड, नाहीतर डिंभ्याचा जलाशय. 'आपल्याकडे थंडी पडते, तो काय जगणार' असं सहज म्हटलं जातं, पण वर पाहिलं तसं त्याच्या मायभूमीतही गारठा असतो. तैवान आणि हाँगकाँगमध्ये पाळीव म्हणून आलेल्या वॉटर ड्रॅगननी बाहेर बस्तान बसवलेलं आहे. किडे, बेडूक, मासे, छोटे सरडे, सगळं खाणारा प्राणी आहे हा. माणिकडोहच्या निवारा केंद्रातला बिबट्या निदान इथलाच तरी असतो. ड्रॅगनला परत सोडायला इथे जंगलच नाही.

म्हणून त्या मुलाला मी सुचवलं ते असं: ड्रॅगन राहू दे, कॅलोटिस घे. सरडा पकडूही नकोस. आधी नळ्या बनव. मंचरच्या पूर्वेला एका शेताच्या बांधावर दहा, पश्चिमेला अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या एखाद्या गावात कुंपणावर दहा, मालकांना विचारून. फेब्रुवारी ते मे, दर दहा मिनिटांनी नोंद. सुरुवातीला दोन दिवस सगळे तापमापक एकाच बादलीतल्या पाण्यात बुडवून त्यांच्यातला आपापसातला फरक काढून ठेव, नाहीतर शेवटी मोजलेला फरक धामणी आणि आहुप्यातला आहे की दोन सेन्सरमधला, हे सांगता येणार नाही.