बंद पडलेली तीनचाकी ट्रॅक्टरमागे ओढून नेताना



भाजीपाला, दूध, खत, बियाणे यांच्या वाहतुकीसाठी आता गावोगावी मालवाहू तीनचाकी गाड्या झाल्या आहेत. अशी गाडी बाजाराच्या दिवशी रस्त्यात बंद पडली, की आपण शेजारच्या वस्तीवरून ट्रॅक्टर बोलावतो, हाताला लागेल ती दोरी बांधतो आणि गाडी ओढत नेतो. हे काम दिसते तितके सोपे नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाची टोमॅटोने भरलेली तीनचाकी गावापासून चार किलोमीटरवर बंद पडली. आम्ही नायलॉनची दोरी तिच्या पुढच्या चाकाच्या फोर्कला बांधली. गाडीत 22 क्रेट तसेच ठेवले. गतिरोधकाजवळ ट्रॅक्टर हळू झाला, दोरी सैल पडून पुढच्या चाकाखाली गेली. ट्रॅक्टरने पुन्हा वेग घेताच तिने चाक एका बाजूस खेचले व गाडी उलटली. मालाचे नुकसान झाले ते झालेच, पण भावाचे मनगट मोडले आणि ऐन तोडणीच्या हंगामात सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. त्या दिवशी ट्रॅक्टरवर मीच होतो. म्हणून हा लेख.

तीनचाकी का उलटते?

तीनचाकीचा तोल तिवईसारखा असतो. पुढे एक व मागे दोन टेकू. पुढच्या चाकापासून मागच्या प्रत्येक चाकापर्यंत एक सरळ रेघ कल्पावी. गाडीच्या वजनाचा भार या रेघांच्या आत आहे, तोपर्यंत गाडी उभी राहते. वळणावर भार बाहेरच्या बाजूस झुकतो आणि ब्रेक दाबला की पुढे सरकतो. पुढच्या बाजूस गाडी अरुंद असल्याने या दोन्ही गोष्टी एकदम घडल्या, तर भार रेघेबाहेर जातो. माल जितका उंच रचलेला, तितका हा धोका अधिक.

दुसरे कारण दोरीचे. बैलगाडीचा दांडा उतारावर गाडीला थोपवूनही धरतो. दोरी मात्र फक्त ओढते, थोपवत नाही. ताशी 20 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे साडेपाच मीटर जाते. पुढचा ट्रॅक्टर थांबतो आहे हे मागच्या चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. वेग दुप्पट झाला, तर गाडी थांबवण्यासाठी लागणारे अंतर सुमारे चौपट होते, हेही ध्यानात घ्यावे.

ओढावी की ट्रॉलीत चढवावी?

शक्य असल्यास गाडी ट्रॉलीत चढवून नेणे सर्वांत चांगले. ट्रॉली बांधाला किंवा माल चढवण्याच्या धक्क्याला मागून लावली, की तळ व बांध जवळपास एका पातळीत येतात. मधली फट मजबूत फळ्यांनी भरावी. गाडी आत घेतल्यावर हँडब्रेक ओढावा, चाकांना लाकडी ठोकळे लावावेत आणि चारही बाजूंनी सांगाड्याला दोर आवळून बांधावेत. दोनचाकी ट्रॉलीत गाडीचा भार आसाच्या किंचित पुढे यावा. मागे भार गेला, तर ट्रॉलीचा दांडा वर उचलला जातो. ट्रॉलीत माणसे बसवू नयेत.

पुढील परिस्थितीत गाडी ओढू नये, ट्रॉलीतूनच न्यावी:

1. ब्रेक किंवा हँडल निकामी असेल.
2. गिअरबॉक्स अथवा मागच्या आसात बिघाड असेल, चाके अडखळत फिरत असतील.
3. रस्ता घाटाचा असेल किंवा अंधार पडला असेल.
4. गाडी बॅटरीवर चालणारी असेल. अशा बहुतेक गाड्यांत चाकांबरोबर मोटरही फिरते व तिला इजा पोहोचू शकते. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या सूचना पाहाव्यात.

राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडल्यास 1033 या क्रमांकावर मदत मागावी.

ओढण्यापूर्वीची तयारी

1. माल उतरवून दुसऱ्या वाहनात भरावा. अशा गाडीत साधारण 500 किलो माल असतो. तो उतरवला, की गाडीचे वजन जवळपास निम्म्यावर येते.
2. उभ्या जागी ब्रेक दाबून पाहावा. गाडी न्यूट्रलमध्ये असताना इंजिनाची रोध करण्याची मदत मिळत नाही, सारा भार ब्रेकवरच असतो.
3. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. चावी चालू ठेवावी, म्हणजे हँडल लॉक होणार नाही आणि दिवे, हॉर्न चालतील.
4. शक्यतो लोखंडी ओढदांडी वापरावी. ती नसेल, तर साखळी किंवा जाड, न झिजलेला दोर घ्यावा. कासरा किंवा जुने चऱ्हाट वापरू नये. ताणलेला नायलॉनचा दोर तुटला, तर जोराने उलट फटका मारतो, म्हणून दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये.
5. दोर गाडीच्या सांगाड्याला, पुढच्या बाजूस मध्यभागी बांधावा. फोर्क, हँडल किंवा मडगार्डला कधीही बांधू नये.
6. ट्रॅक्टरच्या बाजूने दोर खालच्या ओढपट्टीलाच अडकवावा. वरच्या लिंकच्या जागी बांधल्यास ट्रॅक्टरचे तोंड उचलण्याचा धोका असतो.
7. ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल कडीने जोडून घ्यावेत. एकच पेडल दाबले गेल्यास ट्रॅक्टर एका बाजूस खेचला जातो.

नियम काय सांगतो?

ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या आसनावर ती गाडी चालवण्याचा परवाना असलेली व्यक्ती बसलेली असावी. दोन वाहनांमधील अंतर 5 मीटरपेक्षा जास्त नसावे. दोर इतरांना स्पष्ट दिसावा, म्हणून त्याच्या मध्यावर लाल किंवा पांढरे फडके बांधावे. मागच्या गाडीच्या पाठीवर, ती ओढून नेली जात असल्याची पाटी मोठ्या अक्षरांत लावावी.

रस्त्यावर

निघण्यापूर्वी खुणा ठरवाव्यात. उदाहरणार्थ, एक हॉर्न म्हणजे थांबा, दोन हॉर्न म्हणजे चला. मागे लक्ष ठेवायला ट्रॅक्टरच्या मडगार्डवर माणूस बसवू नये. आरसा नीट लावून घ्यावा. दोर ताणला जाईपर्यंत ट्रॅक्टर अगदी हळू पुढे घ्यावा, हिसका देऊ नये. वेग ताशी 20 किलोमीटरच्या आत ठेवावा. मागच्या चालकाने उतारावर व गतिरोधकाजवळ ब्रेक हलकासा दाबून दोर ताणलेला ठेवावा. आमच्याकडून नेमके हेच राहिले होते. उतारावर ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्येच असावा, न्यूट्रलमध्ये कदापि सोडू नये. वळण मोठे घ्यावे, कारण मागची गाडी आतल्या बाजूने कापत येते. दोर सैल पडून चाकाजवळ आलाच, तर लगेच थांबून तो सोडवावा व मगच पुढे जावे.

दुसऱ्या गाडीवर बसून पायाने ढकलत नेण्याची पद्धत तर पूर्णपणे टाळावी. त्यात दोन्ही गाड्यांचा तोल एकाच माणसाच्या पायावर असतो.

बंधूंनो, बाजार चुकला तर एका दिवसाचा भाव जातो. हात-पाय जायबंदी झाला, तर सारा हंगाम जातो. ओढदांडी, साखळी, दोन ठोकळे आणि पाटी एवढे सामान ट्रॅक्टरच्या पेटीत कायम ठेवावे. गरज पडेल त्या दिवशी ते शोधण्याची घाई होणार नाही.