आट्यांची निगा : जुन्या मोटारींतील नट-बोल्टांची सफाई

जुन्या मोटारीची पुनर्बांधणी करताना रंग, आसने आणि इंजिन यांच्याकडे जेवढे लक्ष जाते, तेवढे या सगळ्यांना एकत्र धरून ठेवणाऱ्या नट-बोल्टांकडे क्वचितच जाते. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि मूळ लांबीवर परतण्याच्या त्याच्या ओढीमुळे दोन भाग एकमेकांवर घट्ट दाबले जातात. म्हणजेच बोल्ट एखाद्या अतिशय ताठ स्प्रिंगसारखे काम करतो. पान्यावर लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने १० टक्के जोरच हा ताण निर्माण करण्यात कामी येतो आणि उरलेला बोल्टच्या डोक्याखालच्या व आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो. आट्यांत गंज, वाळलेला रंग किंवा माती बसली की घर्षण वाढते, पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण बोल्ट पुरेसा ताणलेलाच नसतो, आणि असा बोल्ट धावत्या गाडीच्या हादऱ्यांनी सैल होऊ शकतो.

सफाईपूर्वी आट्यांचे माप ओळखणे आवश्यक असते, कारण जुन्या मोटारींमध्ये निरनिराळ्या मापपद्धती आढळतात. ब्रिटिश अभियंता जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत आट्याच्या दोन उतारांमधला कोन ५५ अंशांचा असतो, तर अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत तो ६० अंशांचा आहे. पुढे १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी ६० अंशांची समाईक ‘युनिफाइड’ पद्धत स्वीकारली. पाव इंची व्हिटवर्थ बोल्ट आणि त्याच जाडीचा भरड आट्यांचा युनिफाइड बोल्ट या दोहोंवर इंचाला २० आटेच असल्याने एकाचा नट दुसऱ्यावर चढू शकतो, परंतु उतार पूर्णपणे टेकत नसल्याने जोड कच्चा राहतो. मॉरिस कंपनीने १९२३ मध्ये कोव्हेंट्री येथील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला, तेव्हा तेथील यंत्रे मेट्रिक आटे पाडणारी होती. त्यामुळे त्या परंपरेतील इंजिनांच्या बोल्टांवर आटे मेट्रिक, डोकी मात्र व्हिटवर्थच्या पान्याला बसणारी, असा चकवणारा संकर तयार झाला. भारतातही मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेल्या मूळ अँबॅसडरला इंची पाने लागतात, तर कुर्ल्यात तयार झालेल्या, फियाटच्या कुळातील प्रीमियर पद्मिनीला मेट्रिक. केवळ पाना बसला म्हणून माप ठरवू नये; दातेरी पट्ट्यांचा पिच गेज आट्यांवर टेकवून, प्रकाशाची फट दिसत नाही ना, हे पाहावे.

जाम झालेला नट सोडवताना घाई केल्यास बोल्ट तुटतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि आट्यांमधली फट भरून टाकतो; म्हणून आधी तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करून, गंजात झिरपणारे पातळ तेल सोडून, ते मुरायला वेळ द्यावा लागतो. त्यानंतर नट किंचित आवळण्याच्या दिशेने हलवला, तर गंजाची पकड मोडते आणि मग तो थोडा मागे, थोडा पुढे करत निघतो. उष्णता द्यायची झाल्यास ती नटाला द्यावी, कारण प्रसरण पावून तो बोल्टवरची पकड सोडतो. मात्र पेट्रोलची टाकी, नळ्या आणि रबरी भाग यांच्याजवळ ज्योत वर्ज्य मानावी.

काढलेले बोल्ट रॉकेलमध्ये भिजवून ग्रीस व माती काढावी आणि मग गंजाकडे वळावे. तीव्र आम्लाने गंज झटपट जातो, पण त्या प्रक्रियेत सुटणारा हायड्रोजन उच्च क्षमतेच्या पोलादात शिरून त्याला ठिसूळ करू शकतो. त्यामुळे स्टिअरिंग, ब्रेक व सस्पेन्शन यांच्या बोल्टांसाठी ही पद्धत टाळणे योग्य. दबलेले आटे सरळ करण्यासाठी साधा टॅप किंवा डाय वापरण्याचा मोह होतो, परंतु ही नवे आटे कापण्याची हत्यारे असून ती मूळ धातू खरवडतात आणि जोड ढिला होतो. आटे केवळ साफ करून वळणावर आणणारे चेसर नावाचे हत्यार त्यापेक्षा सुरक्षित असते.

बोल्ट बदलावाच लागला, तर डोक्यावरची खूण वाचावी. ‘८.८’ या खुणेतील पहिला आकडा सुमारे ८०० मेगापास्कल इतकी ताणशक्ती दर्शवतो, आणि दोन्ही आकड्यांवरून त्या शक्तीच्या ८० टक्के, म्हणजे सुमारे ६४० मेगापास्कल ताणापर्यंत तो कायमचा लांबत नाही, हे समजते. चकचकीत स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आकर्षक दिसले, तरी त्यांचे सर्वसाधारण प्रकार ८.८ पेक्षा कमी ताण सोसतात आणि त्यांचे आटे एकमेकांत चिकटून जाम होण्याची शक्यता अधिक असते.

जोडणीच्या वेळी आट्यांना तेल लावल्यास घर्षण घटते, म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला आवळण्याचा आकडा तेल लावलेल्या बोल्टला तसाच वापरला, तर तो अति ताणला जातो. माहितीपुस्तिकेतील आकडा कोणत्या स्थितीचा आहे, हे आधी पाहावे. बंद तळाच्या छिद्रात तेल साचलेले असेल, तर बोल्ट आत जाताना ते दाबले जाऊन ओतीव लोखंड तडकू शकते, म्हणून असे छिद्र हवेच्या झोताने कोरडे करावे. एकदा दुमडलेली स्प्लिट पिन पुन्हा वापरू नये. टॉर्क पाना हाती घेण्यापूर्वी प्रत्येक बोल्ट नुसत्या बोटांनी तळापर्यंत फिरवून पाहावा, आणि मध्येच अडकला, तर जोर न लावता बाहेर काढून आटे पुन्हा तपासावेत.