परसातील कोंबडी : रवण, लस आणि हिशेब

कापडाच्या गाठी बांधणाऱ्याने कोंबड्यांवर लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. पण मालेगावात ज्यांनी यंत्रमागाची मंदी पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. माग बंद पडले की आठवड्याची मजुरी थांबते, तेव्हा घरातील मीठमिरची कोणाच्या पैशावर चालते, हे आम्ही आमच्या पेढीमागच्या गल्लीत पुष्कळदा पाहिले आहे. खुराड्यातल्या सहा-सात कोंबड्या, त्यांची अंडी आणि वर्षातून दोनदा विकलेले कोंबडे, एवढाच तो आधार. हा व्यवसाय जवळजवळ सर्वस्वी बायकांच्या हातात आहे आणि त्याचा हिशेब कोणत्याही वहीत नसतो. म्हणूनच तो व्यापाराच्या पानावर यायला हवा, असे आम्हांस वाटते.

या धंद्याचा खरा मोसम म्हणजे थंडी सरता सरता, जानेवारीच्या अखेरीपासून मार्च संपेपर्यंतचा काळ. याचे कारण उजेडात आहे. कोंबडीचे अंडे देणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. आमच्या भागात डिसेंबरच्या शेवटी दिवस सुमारे अकरा तासांचा असतो आणि तेव्हा गावरान कोंबड्या अंडी जवळजवळ थांबवतात. बायका म्हणतात, थंडीने थांबली. थंडीचा थोडा भाग असतोच, पण मुख्य कारण उजेड. दिवस वाढू लागला की तो उजेड कोंबडीच्या मेंदूपर्यंत पोहोचतो आणि अंडाशय पुन्हा कामाला लागते. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांच्या शेडमध्ये पहाटे दिवे लागतात ते याचसाठी. सोळा तासांचा उजेड करून ते बारा महिने अंडी घेतात. आपल्या खुराड्याला दिवा नसतो, म्हणून आपली कोंबडी वसंताची वाट पाहते.

गावरान कोंबडी एका पाळीत बारा ते अठरा अंडी देते आणि मग खुडूक होते. उर्दूत हिलाच कुडक म्हणतात. शब्द बहुधा एकाच घरचे असावेत. असो. खुडूक कोंबडी जागेवरून उठत नाही, पिसे फुलवते, हात नेला तर चोच मारते, आणि अंडी देणे बंद करते. काही घरांत तिला पाण्यात बुचकळून किंवा टोपलीखाली डांबून पुन्हा अंड्यावर आणण्याचा प्रयत्न होतो. इथेच हिशेबाचा पहिला प्रश्न उभा राहतो, अंडी विकावीत की रवण घालावे?

आम्ही भाव रुपयांत सांगत नाही, कारण तो गावागणिक व महिन्यागणिक बदलतो. अंड्यातच हिशेब करू. आमच्याकडे चांगला गावरान कोंबडा साधारण चाळीस गावरान अंड्यांच्या किमतीला जातो. रवणाखाली बारा अंडी ठेवली, म्हणजे बारा अंडी गुंतली. कोंबडी एकवीस दिवस बसणार आणि पुढे दीड-दोन महिने पिल्ले हिंडवणार. त्या काळात तिने दिली असती ती पंचवीसेक अंडी गेली. म्हणजे भांडवल सदतीस अंड्यांचे. बारांतून आठ-नऊ पिल्ले निघतात. मांजर, घार, मुंगूस आणि पावसाळ्याचा चिखल यांच्या तावडीतून पाच मोठी झाली, त्यांत तीन कोंबडे धरले तर एकशेवीस अंड्यांची किंमत हाती आली, आणि दोन तलंगा घरात वाढल्या. दाण्याचा खर्च वजा केला तरी हा सौदा आम्ही सुताच्या धंद्यात क्वचितच केला आहे. मात्र रोग आला की तो शून्यावर येतो. त्याकडे आम्ही पुढे वळूच.

दुसरा मुद्दा वेळेचा. गावरान कोंबडा किलोभर वजनाला यायला साडेचार-पाच महिने लागतात. महाराष्ट्रात कोंबडीला सर्वांत चढा भाव आषाढात असतो, कारण पुढे श्रावणात असंख्य घरांत मांसाहार बंद होतो आणि लोक त्याआधी आखाड साजरा करून घेतात. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात अंडी बसवली तर महिनाअखेरीस पिल्ले निघतात आणि जुलैच्या मध्यास माल तयार होतो. आषाढ दरवर्षी थोडा मागेपुढे होतो, तरी हा अंदाज फारसा चुकत नाही. एप्रिलमध्ये रवण घालणाऱ्याचा माल श्रावण-भाद्रपदात निघतो, जेव्हा गिऱ्हाईक विचारत नाही. त्यातच एप्रिल-मेच्या उकाड्यात ठेवलेली अंडी बिघडतात, पिल्लेही कमी निघतात. म्हणून जी कोंबडी फेब्रुवारीत खुडूक होईल तिला बसवावी आणि जी एप्रिलच्या मध्यानंतर होईल तिला उठवावी, असा आमच्या गल्लीतील जाणत्या बायकांचा रिवाज आहे आणि तो हिशेबात बसतो.

रवणाची अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. ती धुऊ नयेत, कारण कवचावरचे नैसर्गिक आवरण निघून जाते आणि घाण आत शिरते. सावलीत, निमुळते टोक खाली करून ठेवावीत. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हवा, नाहीतर अंडे भरलेले नसते आणि कोंबडी एकवीस दिवस फुकट तपश्चर्या करते. सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे बॅटरी धरून पाहावे. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर पिल्लू आहे. स्वच्छ दिसले तर ते काढून टाकावे. अठराव्या दिवसानंतर मात्र अंड्यांना हात लावू नये.

आता खास आमच्या गावासाठी एक गोष्ट. टोपलीत मऊ म्हणून यंत्रमागाचा सुताचा कचरा अंथरण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. फुकट मिळतो, ऊबही देतो. पण त्याचा धागा पिल्लाच्या पायाला गुंडाळतो, पिल्लू वाढते, धागा वाढत नाही. रक्त अडते आणि पाय काळा पडून गळून जातो. अशी लंगडी कोंबडी मालेगावात आम्ही इतक्यांदा पाहिली आहे की लहानपणी आम्हांस ती वेगळी जात वाटे. टोपलीत तळाला वाळू किंवा राख आणि वर बारीक पेंढा घालावा. उवा-पिसवांसाठी कडुनिंबाचा पाला घालतात, तोही ठीक.

पिल्ले निघाली की पहिले दिवस कण्या व पाणी. पाण्याचे भांडे उथळ असावे आणि त्यात चार खडे टाकावेत, नाहीतर पिल्ले बुडतात. दिवसा डालग्याखाली, आईसकट.

आता रोगाविषयी, आणि यासाठीच मुख्यतः आम्ही लेखणी उचलली. मानमोडी, म्हणजे राणीखेत. इंग्लंडात १९२६ मध्ये न्यूकॅसल येथे हा रोग ओळखला गेला आणि हिंदुस्थानात पुढे राणीखेतच्या नावाने प्रसिद्ध झाला. कोंबडी मलूल होते, चोच उघडून श्वास घेते, हिरवट पातळ हगते, मान पिळवटते, पाय लुळे पडतात. याला औषध नाही. जे कोणी प्रतिजैविकाची गोळी विकतात ते विषाणूवर चालत नाही, हे लक्षात ठेवावे.

२०११ च्या मार्चात आम्ही आठवडे बाजारातून तीन तलंगा आणल्या. रंग सुंदर, भाव कमी. इतका कमी का, हे विचारण्याची सवय आम्हांस कापडात आहे, कोंबडीत नव्हती. आल्या दिवशीच त्या आमच्या चौदांत सोडल्या. सहाव्या दिवशी एक मान टाकून पडली. चार दिवसांत आमचे खुराडे रिकामे झाले, आणि पुढच्या आठवड्यात गल्लीतील आणखी एकतीस कोंबड्या गेल्या. त्यांत नऊ एका विधवा खालांच्या होत्या. रोग आमच्या दारातून गेला हे त्यांना ठाऊक होते. आम्ही भरपाईचे पैसे घेऊन गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "भाईजान, मुर्गियाँ तो आती-जाती हैं, मेरा तो जून का महीना चला गया." नातवाची वह्या-पुस्तके त्या दर जूनमध्ये कोंबडे विकून घेत. पैसे त्यांनी अखेर घेतले, पण कर्ज म्हणून, आणि पुढच्या वर्षी अंड्यांनी फेडले. आम्ही नको म्हणत होतो. त्यांनी ऐकले नाही.

बाजारातून आणलेला पक्षी किमान पंधरा दिवस वेगळा, शक्य तर घराच्या दुसऱ्या बाजूस ठेवावा, एवढी एक गोष्ट आम्ही केली असती तर हे टळले असते. आणि लस टोचलेली असती तर बाजाराच्या तलंगा आल्या तरी बहुतेक सगळ्या वाचल्या असत्या.

लस महाग नाही. पुण्याच्या औंध येथील सरकारी पशुवैद्यकीय जैवपदार्थ संस्थाही ती बनवते. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटा लसीचा एक थेंब, महिन्याच्या सुमारास पुन्हा एकदा, आणि आठ आठवड्यांनंतर पंखाखाली आर-टू-बी लसीचे इंजेक्शन. ही शेवटची लस कडक असते, ती लहान पिल्लांना देऊ नये. मग अडचण कुठे आहे? अडचण बाटलीत आहे. सर्वांत लहान बाटलीही सहसा शंभर मात्रांची मिळते. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा पाणी मिसळले की दोन तासांत संपवावी लागते. ज्या बाईकडे सात कोंबड्या आहेत ती शंभर मात्रा घेऊन काय करणार? त्र्याण्णव मात्रा गटारात. म्हणून ती घेतच नाही. दुकानदारही सुटी लस देत नाही, आणि तसे द्यायलाही नको, कारण उघडलेली बाटली घरी नेईपर्यंत निकामी होते. एकट्याचे लहान गिऱ्हाईक आणि घाऊक माल यांचा हा जुनाच पेच आहे. कापडात आम्ही तो चार दुकानदारांनी मिळून एक गाठ घेऊन सोडवतो. इथेही दहा-बारा घरांनी मिळून एक बाटली घेतली तर कोंबडीमागे खर्च एका अंड्याच्या किमतीइतकाही येत नाही.

फेरीवाल्या कोंबडीवाल्याबद्दल दोन शब्द. तो नजरेने भाव करतो, वजनाने नाही. आमच्या बायका गजभर कापड घेताना बोटाने मोजून घेतात आणि कोंबडा मात्र "अंदाजे सव्वा किलो" म्हणून देऊन टाकतात. एक साधा ताणकाटा गल्लीत ठेवला तर तो अंदाज लगेच दीड किलोवर येतो, हा आमचा अनुभव आहे. दुसरे असे की रोगाची अफवा पसरली की हाच माणूस मलूल पक्षी पडत्या भावाने उचलतो आणि त्याच पिंजऱ्यातून पुढच्या मोहल्ल्यात नेतो. रोगी पक्षी विकू नये. मेलेला पक्षी गटारात किंवा उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावा, आणि एकदम बरेच पक्षी मेले तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. कळवले तर सरकार सगळ्याच कोंबड्या मारील, ही भीती २००६ पासूनची आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशात प्रथमच बर्ड फ्लू आढळला, लाखो पक्षी मारले गेले, आणि मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील परसातल्या कोंबड्यांतही तो निघाला. कोंबडीचा भाव तेव्हा पार कोसळला होता. भीती समजण्यासारखी आहे. पण प्रत्येक मर बर्ड फ्लूची नसते, आणि हे तपासणीशिवाय कोणालाच सांगता येत नाही.

गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींबद्दल वाचक विचारतात. त्या वर्षाला शंभराहून अधिक अंडी देतात आणि वजनालाही लवकर येतात, गावरान साठ-सत्तरवर थांबते. परंतु त्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणून पिल्ले पुन्हा विकत आणावी लागतात. आमच्या गल्लीत काहींनी तोड काढली आहे, अंडी वनराजची आणि रवणाला गावरान कोंबडी. पुढच्या पिढीत मात्र तो गुण तसाच राहत नाही.

मार्च उलटला की उन्हाची तयारी करावी. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते. धापांबरोबर शरीरातील कार्बन डायऑक्साइड जातो, आणि कवच ज्या चुन्याचे बनते तो तयार होण्यात त्यामुळे तूट येते. उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची होतात ती यामुळे. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, मातीच्या कुंड्यात पाणी दिवसातून तीनदा बदलावे, खुराड्यावर ओले गोणपाट टाकावे, आणि दाणा सकाळी लवकर व सायंकाळी द्यावा.

२०१२ पासून आमच्या गल्लीत फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी फजरनंतर, ऊन चढण्याआधी, एक बाटली उघडते. आदल्या दिवशी एक मुलगा घरोघर जाऊन कोंबड्या मोजून येतो. आमच्या धाकट्या मुलाने थर्मासमधून बर्फासह लस आणायची आणि सुरुवात खालांच्या खुराड्यापासून करायची, हे ठरलेले आहे. गेल्या वेळी मोजणी ब्याण्णव झाली. उरलेल्या आठ मात्रा उकळून टाकून दिल्या.