तुळजापूरच्या कवड्यांची माळ आणि ऑनलाइन घाऊक सौदा

सोलापूरहून तामलवाडीमार्गे तुळजापूरला पायी जाणारे कितीतरी भक्त परतताना गळ्यात कवड्यांची माळ घालून येतात. गुळगुळीत पाठ, पोटाशी दातेरी चीर. आई भवानीच्या आराध्यांची ही खूण! तुळजापूरच्या कवडीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

ही माळ बनवून विकणाऱ्या कारागिरापुढे आता वाट आहे ऑनलाइन दुकानाची. 1 ऑक्टोबर 2023 पासून, 40 लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या कारागिराला जीएसटी नोंदणीऐवजी नुसती नावनोंदणी करून ऑनलाइन मंचावर माल विकता येतो; मात्र राज्यातल्या राज्यातच. छोट्या कारागिरासाठी ही सवलत फार मोलाची आहे.

दुसरी वाट घाऊक सौद्याची. त्यात दुकानदार माल विकतच घेतो, न खपल्याचा भार त्याच्यावर. म्हणून घाऊक दरातच कवडी, दोरा, बांधणी आणि स्वतःची मजुरी धरा. ‘खपल्यावर पैसे’ हा सौदा वेगळा; माल देण्याआधी अटी लेखी घ्या.