राज्यपाल, राज्यसभा आणि विरारची तीन मतं

जून 2022 मध्ये दिल्लीला जाणारी एक खुर्ची विरारमध्ये अडली होती. राज्यसभेच्या सहा जागा, रिंगणात सात उमेदवार. महाराष्ट्रात 24 वर्षांनी राज्यसभेसाठी खरंखुरं मतदान होणार होतं. बहुजन विकास आघाडीचे तीन आमदार होते: वसईचे हितेंद्र ठाकूर, नालासोपाऱ्याचे क्षितिज ठाकूर आणि बोईसरचे राजेश पाटील. एकीकडे भाजप, दुसरीकडे शिवसेना, काँग्रेस आणि राष्ट्रवादी, अशा दोन्ही बाजूंचे नेते विरारला येऊन जात होते. विधानसभेत 288 जागा, त्यातल्या तिघांसाठी एवढी धावपळ! पण ती उगाच नव्हती. शेवटी निकाल लागला तो दीड मताच्याही आतल्या फरकाने, आणि तोही दुसऱ्या पसंतीवर.

ते गणित पुढे सांगतोच. आधी थोडं जगाकडे पाहू.

साहेब, तुम्हाला निवडलं कुणी?

ब्राझीलमध्ये राज्याचा गव्हर्नर लोक थेट मतदानाने निवडतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मतदान होतं. कुणालाच निम्म्याहून जास्त वैध मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांमध्ये त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी पुन्हा लढत होते. सिनेटर मात्र एकाच फेरीत निवडले जातात, मुदत आठ वर्षांची. एके काळी वसई आणि ब्राझील दोन्ही लिस्बनच्याच अंमलाखाली होते. 1534 ते 1739 अशी दोनशे वर्षं वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीज अधिकारी राहिला, उत्तर फिरंगाणाचा कारभार तिथूनच चालला, आणि त्याला नेमायचं कुणी, हे वसईकरांना कुणी विचारलं नाही. मग चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला आणि सरसुभेदार आला. तोही नेमलेलाच.

आपला राज्यपाल आजही राष्ट्रपती नेमतात. पण घटना लिहिली जात होती तेव्हा ही गोष्ट ठरलेली नव्हती. सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 1947 मध्ये सुचवलं होतं, की राज्यपाल प्रौढ मतदानाने थेट लोकांनी निवडावा. घटनेच्या मसुद्यातही तो पर्याय छापला गेला होता. 1949 च्या मे महिन्यात घटना समितीने तो काढून टाकला. लोकांनी निवडलेला मुख्यमंत्री आणि लोकांनीच निवडलेला राज्यपाल एकाच राज्यात असले तर दोघांची जुंपेल, अशी भीती होती. मला ती भीती खरी वाटते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.

राज्यपाल म्हटलं की डोळ्यांसमोर मलबार हिलचं निवासस्थान येतं. प्रत्यक्षात या पदाचा सर्वात थेट अधिकार आपल्याच पालघर जिल्ह्यात लागू होतो. घटनेच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे अनुसूचित क्षेत्रात एखादा कायदा लागू करायचा नाही, किंवा बदल करून लागू करायचा, हे राज्यपाल अधिसूचना काढून ठरवू शकतात. जव्हार, मोखाडा, तलासरी त्या क्षेत्रात आहेत, आणि वसई तालुक्याच्या पूर्वपट्टीतली काही गावंही. म्हणजे वसई स्टेशनच्या पश्चिमेला फ्लॅटमध्ये राहणाऱ्यापेक्षा महामार्गापलीकडच्या आदिवासी पाड्याशी राज्यपालांचं घटनात्मक नातं जास्त जवळचं आहे. निवडणुकीच्या गप्पांमध्ये ही गोष्ट कधीच निघत नाही, निघायला हवी.

आपण मत दिलेला माणूस राज्यपाल झाला!

थेट नाही, पण झाला. 2008 च्या मतदारसंघ फेररचनेआधी वसई आणि पालघर हे विधानसभा मतदारसंघ लोकसभेच्या उत्तर मुंबईत मोडायचे. तिथून 1989 ते 1999 या काळात राम नाईक सलग पाच वेळा निवडून आले. 2004 मध्ये अभिनेता गोविंदाने त्यांना हरवलं, त्या निकालाच्या गप्पा विरार लोकलमध्ये कितीतरी दिवस रंगल्या होत्या. दहा वर्षांनी, जुलै 2014 मध्ये, राम नाईक उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले आणि पाच वर्षांची मुदत पूर्ण करूनच परतले.

आता ते दीड मताचं गणित

10 जून 2022. मतदान केलं 285 आमदारांनी. शिवसेनेचे सुहास कांदे यांचं मत, मतपत्रिका दाखवण्याच्या पद्धतीवरून, निवडणूक आयोगाने बाद ठरवलं. उरली 284. तक्रारींमुळे मोजणी मध्यरात्रीपर्यंत खोळंबली आणि निकाल पहाटे लागला.

या निवडणुकीत एका मताची किंमत 100 धरतात. 284 मतांचे झाले 28,400. सहा जागा, म्हणून सहा अधिक एक, सातने भागायचं आणि अपूर्णांक सोडून एक मिळवायचा. कोटा आला 4,058. म्हणजे जिंकायला साधारण 41 मतं हवीत.

पहिल्या पसंतीची मतं अशी पडली: भाजपचे पीयूष गोयल 48, अनिल बोंडे 48, धनंजय महाडिक 27. काँग्रेसचे इम्रान प्रतापगढी 44, राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल 43, शिवसेनेचे संजय राऊत 41 आणि संजय पवार 33.

महाडिक 27, पवार 33. नेहमीच्या निवडणुकीत पवारच जिंकले असते. इथे महाडिक जिंकले.

कसे? गोयल आणि बोंडे यांना भाजपने मुद्दाम गरजेपेक्षा जास्त मतं दिली. प्रत्येकाकडे 4,800, लागणार 4,058, म्हणजे दोघांचीही शिल्लक 742. ही शिल्लक वाया जात नाही, मतपत्रिकेवर ज्याच्या नावापुढे 2 लिहिलंय त्याच्याकडे जाते. वाटप मोठ्या शिलकीपासून सुरू होतं, त्यामुळे भाजपचा नंबर आधी लागला. महाडिकांचे 2,700, त्यात या दोन शिलकींचा ओघ आला आणि त्यांनी कोटा ओलांडला. आता पवारांकडे बघा. त्यांचे 3,300. स्वपक्षाच्या आणि मित्रपक्षांच्या शिलकी किती? प्रतापगढींचे 342, पटेलांचे 242, राऊतांचे जेमतेम 42. बेरीज 626. सगळी पवारांना मिळाली तरी आकडा 3,926 वर थांबतो. कोट्याला 132 कमी. शंभराचं एक मत, म्हणजे दीड मताच्याही आतला फरक!

आता कळेल, विरारच्या तीन मतांना एवढा भाव का आला ते. दुसऱ्या दिवशी राऊतांनी साथ न दिलेल्या आमदारांची नावं जाहीरपणे घेतली, त्यात बहुजन विकास आघाडीच्या या तीन मतांचाही उल्लेख होता. मत कुणाला दिलं ते ज्याचं त्याला ठाऊक. मला मात्र भाजपचा तो डाव मनापासून आवडतो, पक्ष कुठलाही असो. नियम बारकाईने वाचून, कागदावर हिशेब मांडून जिंकलेली जागा आहे ती.

पक्षाच्या आमदाराला राज्यसभेचं मत स्वतःच्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावं लागतं, अपक्षाने मात्र ते कुणालाच दाखवायचं नाही. हा उघड मतदानाचा नियम 2003 मध्ये आला. त्याआधी 1998 मध्ये महाराष्ट्रातच मोठी फाटाफूट झाली होती आणि काँग्रेसचे अधिकृत उमेदवार राम प्रधान पडले होते. हे राम प्रधान माजी केंद्रीय गृहसचिव आणि अरुणाचल प्रदेशचे माजी राज्यपाल. राज्यपालपद नेमणुकीने मिळालं, राज्यसभा मात्र मतपेटीने नाकारली.

पेनाची गोष्ट

राज्यसभेच्या मतदानात खिशातलं पेन चालत नाही. निवडणूक अधिकारी देतील त्याच जांभळ्या स्केचपेनने आकडा लिहायचा. 2016 मध्ये हरियाणात चुकीच्या पेनामुळे बरीच मतं बाद झाली, नको तो उमेदवार निवडून आल्याची ओरड झाली, आणि तेव्हापासून पेनाबाबत फार काटेकोरपणा आला. बरोबरची खूण करायची नाही, सही करायची नाही, एक, दोन असं अक्षरांत लिहायचं नाही. फक्त आकडा.

दहा दिवसांनी, रात्रीचा महामार्ग

20 जून 2022 ला विधान परिषदेची निवडणूक झाली. दहा जागा, अकरा उमेदवार, या वेळी मतदान गुप्त. भाजपचे पाचही निवडून आले, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले. त्याच रात्री एकनाथ शिंदे आणि त्यांच्याबरोबरचे आमदार गाड्यांनी सुरतला निघाले. रस्ता कुठला? आपलाच. चिंचोटी, पेल्हार, शिरसाड, खानिवडे, मनोर, तलासरी. राज्यातल्या सत्तांतराची पहिली पावलं वसई-विरारच्या वेशीवरून गेली, आणि आपण तेव्हा जेवून झोपायच्या तयारीत होतो.

त्यातले एक आमदार, धाराशिवचे कैलास पाटील, गुजरातच्या सीमेजवळ लघुशंकेचं निमित्त सांगून गाडीतून उतरले आणि उलट्या दिशेने चालायला लागले. काही अंतर पायी, मग एका मोटारसायकलवर, मग ट्रकमधून, असं करत ते मुंबईला पोचले. ही हकिगत त्यांनी स्वतःच पत्रकारांना सांगितली आहे. रात्रीच्या वेळी या महामार्गावर लिफ्ट मागणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

रायगडचा माणूस आणि राष्ट्रपतिपद

दुसऱ्या पसंतीचा सर्वात मोठा प्रताप 1969 चा. राष्ट्रपतिपदासाठी व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि तिसरे चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावचे सी. डी. देशमुख म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून 1956 मध्ये केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारे. गिरींना पहिल्या पसंतीची 4,01,515 मतं मिळाली, रेड्डींना 3,13,548, देशमुखांना 1,12,769. विजयाला हवी होती 4,18,169. कुणालाच कोटा गाठता आला नाही, म्हणून खालच्या उमेदवारांच्या पत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली. देशमुखांची बहुतेक मतं रेड्डींकडे गेली, तरी गिरी 4,20,077 वर पोचले आणि रेड्डी 4,05,427 वर राहिले. राष्ट्रपतिपदाचा निकाल दुसऱ्या पसंतीवर गेला तो आजवर एवढ्या एकाच वेळी.

पालघरमध्ये दुसरी फेरी असती तर?

खासदार चिंतामण वनगा यांच्या निधनानंतर मे 2018 मध्ये पालघर लोकसभेची पोटनिवडणूक झाली. भाजपचे राजेंद्र गावित 2,72,782. शिवसेनेचे श्रीनिवास वनगा 2,43,210. बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव 2,22,838. माकप आणि काँग्रेस त्यांच्या मागे. जिंकणाऱ्याला जेमतेम 31 टक्के मतं, म्हणजे दर दहातल्या सात मतदारांनी दुसऱ्या कुणाला तरी निवडलं होतं. ब्राझीलचा नियम इथे असता तर गावित आणि वनगा यांची पुन्हा लढत झाली असती आणि निर्णय शिट्टीच्या, म्हणजे जाधवांच्या चिन्हाच्या, सव्वादोन लाख मतदारांच्या हाती गेला असता. यातले बरेचसे वसई-विरारचे.

पुढची गंमत अशी, की 2019 मध्ये गावित शिवसेनेच्या तिकिटावर उभे राहिले आणि जिंकले. समोर पुन्हा बळीराम जाधव, पण या वेळी शिट्टी हातातून गेलेली, चिन्ह मिळालं रिक्षा.

2024 च्या नोव्हेंबरमध्ये वसई विधानसभेत तेच चित्र. भाजपच्या स्नेहा दुबे पंडित 77,553, हितेंद्र ठाकूर 74,400, काँग्रेसचे विजय पाटील 62,324. फरक 3,153 चा, आणि तिसऱ्या क्रमांकावर बासष्ट हजार लोक. नालासोपारा आणि बोईसरही त्याच दिवशी बहुजन विकास आघाडीच्या हातून गेलं. मला या बासष्ट हजारांबद्दल फार वाटतं. हट्टाने रांगेत उभं राहून त्यांनी आपला माणूस निवडला, पण उरलेल्या दोघांपैकी बरा कोण, हे त्यांना कुणी विचारलंच नाही. दुसरी फेरी खर्चिक आहे हे मान्य. पण मतपत्रिकेवर 2 लिहायला फार खर्च येत नाही, आणि त्याने हा प्रश्न एकाच दिवसात सुटतो.

दुसरी पसंती आपल्याही हातात आहे

आमदारांनाच ही चैन आहे असं नाही. कोकण पदवीधर मतदारसंघात ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येतात. पदवी मिळून तीन वर्षं झालेला आणि इथे राहणारा कुणीही वसईकर, विरारकर त्यात नाव नोंदवू शकतो. अर्ज नमुना क्रमांक 18 चा, हिशेबाची तारीख 1 नोव्हेंबर. इथे एकच जागा असते, म्हणून निम्म्याहून एक मत जास्त हवं. कुणालाच ते मिळालं नाही तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या पत्रिकांवरच्या पुढच्या पसंती वाटल्या जातात. मतदान यंत्र नाही, कागदी पत्रिका. जून 2024 च्या मतदानात निरंजन डावखरे पहिल्याच पसंतीत जिंकले, त्यामुळे पुढचे आकडे मोजायची वेळ आली नाही.

एवढंच लक्षात ठेवा: मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळीही असेल, असं नाही. ही यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते, जुनी रद्द. आणि पत्रिकेवर 1 नसेल तर नुसत्या 2 ला काही अर्थ नाही, मत बाद होतं. 2, 3, 4 लिहिणं ऐच्छिक आहे. पण जागा आहे, पेनही सरकारचं आहे, तर लिहून टाका.