वाहन वेग का घेत नाही?

प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका सपाटीवर ठीक धावते. घाट लागताच मात्र ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही रेंगाळते. आत प्रसूतीसाठी निघालेली स्त्री असेल, तर हा विलंब परवडणारा नसतो. अशा वेळी इंजिनच कामातून गेले, असे ठरविण्याची घाई होते. ती बहुधा अनाठायी असते.

एक किलो डिझेल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.५ किलो हवा लागते. कच्च्या रस्त्यावरील धुळीने एअर फिल्टर कोंदला की हवा अपुरी पडते व काळा धूर निघू लागतो. टर्बोचार्जरची नळी चिरली, तरी लक्षण हेच. काळा धूर नसताना जोर कमी पडत असल्यास प्रथम डिझेल फिल्टर पाहावा; त्यात साचलेले पाणी काढण्याचे काम साधे, पण नेमके तेच राहून जाते.

इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही, तेव्हा क्लच घसरत असतो. एकच चाक फार तापत असेल, तर तेथील ब्रेक पुरता सुटत नसतो; मग इंजिनाला बोल लावून काय उपयोग? नव्या गाड्यांत इंजिनाचा इशारादर्शक दिवा लागला असल्यास संगणकानेच शक्ती मर्यादित केलेली असू शकते. त्यातील दोषसंकेत वाचल्यावाचून सुटे भाग बदलू नयेत. फिल्टर बदलल्याची तारीख व किलोमीटर लॉगबुकात नोंदलेले असल्यास कारागिराचा शोध बराच सोपा होतो.