सोनोग्राफी नॉर्मल, तरी रक्तस्राव का?

‘सोनोग्राफी नॉर्मल आली, आता काळजी नाही.’ रक्तस्रावाच्या बाबतीत सगळ्यांत महागात पडणारा समज हाच. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग दिसला, तरी तपासणी व्हायलाच हवी. अशा वेळी योनीमार्गातून सोनोग्राफी करून गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची जाडी मोजतात. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत हे अस्तर तितकं स्पष्ट दिसत नाही. जाडी 4 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर अस्तराच्या कर्करोगाची शक्यता 1 टक्क्याहूनही कमी असते. हा दिलासा खरा आहे, पण तो कायमचा नाही. काही आक्रमक कर्करोग पातळ अस्तरातही वाढतात. म्हणून रक्त पुन्हा गेलं, तर जुन्या रिपोर्टवर विसंबू नये, अस्तराचा तुकडा तपासायला द्यावा. सोनोग्राफीत जाडी कळते, पेशी कशा आहेत ते कळत नाही.

हाच 4 मिलिमीटरचा आकडा पाळी चालू असलेल्या बाईला लावतात आणि तिची झोप उडते. तिचं अस्तर दर महिन्याला वाढतं, गळतं. पाळी संपताच ते पातळ असतं, पुढची पाळी जवळ आली की 14-16 मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतं, आणि ते स्वाभाविक आहे. पाळी संपल्यावर लगेच तपासणी केली तर चित्र सर्वांत स्वच्छ मिळतं. पंचेचाळिशीनंतर अनियमित किंवा जास्त रक्त जात असेल, तर जाडी कितीही असो, तुकडा तपासावा. वजन खूप असेल किंवा वर्षानुवर्षं पीसीओएस हा हार्मोनचा विकार असेल, तर त्याआधीही.

‘गाठ दिसली, म्हणजे रक्त तिच्यामुळेच.’ फायब्रॉइडच्या गाठी असंख्य बायकांना असतात आणि पुष्कळींना त्यांचा काहीच त्रास नसतो. गाठ गर्भाशयाच्या पोकळीत शिरली असेल, तर रक्तस्राव वाढतो. बाहेरच्या बाजूला असेल, तर बहुधा नाही. गाठीची जागा आणि आकार सोनोग्राफी नीट सांगते. अस्तराचा लहान कोंब, म्हणजे पॉलिप, मात्र तिच्या नजरेतून सुटू शकतो. मग पोकळीत सलाइन सोडून पुन्हा पाहतात किंवा दुर्बिणीने थेट आत बघतात.

‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने 2011 मध्ये पाळीच्या वयातल्या अनियमित रक्तस्रावाच्या कारणांचे नऊ गट केले. त्यांतले चारच रचनेतले, म्हणजे चित्रात दिसू शकणारे. रक्त न गोठण्याचा आजार, बीज वेळेवर न सुटणं, औषधांचा किंवा तांबीचा परिणाम हे सोनोग्राफीत शोधून सापडत नाही. पहिल्या पाळीपासूनच खूप रक्त जाणाऱ्या मुलीची रक्त गोठण्याची तपासणी व्हायला हवी. तिची सोनोग्राफी पुन्हा पुन्हा करून हाती काही लागत नाही.

‘गाठ आहे, कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका.’ फायब्रॉइडची गाठ कर्करोगाची निघणं फार दुर्मीळ. तरीही पिशवी काढण्याची घाई होते. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीने चौकशी केली. त्या बायकांपैकी कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. रक्त थांबवायला ट्रॅनेक्सामिक अॅसिडच्या गोळ्या आहेत, हार्मोनची तांबी आहे, गरज पडली तर फक्त गाठ काढता येते. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी प्रत्येक बाईने विचारावं: गर्भ नाही ना हे पाहिलं का, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलं का, तुकड्याचा रिपोर्ट काय आला आणि औषधांनी किती महिने प्रयत्न झाला?